सरनौबत ते सेनाखासखेल : एका पदाची कहाणी

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलताना राहून गेलेले दोन-तीन तपशील लिहिताना भरले आहेत.)



कार्यकारिणीने आम्हाला बोलायला सांगितले तेव्हा आम्ही आधी नाहीच म्हटले. आम्ही काही इतिहासाचे प्राध्यापक नव्हे. स्थापत्याची पदविका घेऊन राज्य सरकारच्या नोकरीला लागलो, त्याला आता वीस वर्षे होऊन गेली. रस्ते मोजायचे, नोंद करायची, सही करायची, हे आमचे काम. पण एका शब्दाने लहानपणापासून आमचा पिच्छा पुरवला आहे. तेवढ्या शब्दापुरते बोलतो, असे म्हटल्यावर परवानगी मिळाली.

आमच्या आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांच्या नेमणुकीचा कागद होता. बडोदे सरकारचा. वर मोठ्या अक्षरांत महाराजांचे नाव आणि त्यापुढे 'सेनाखासखेल समशेर बहादूर'. आम्ही तेव्हा चौथीत. शाळा गुजराती, त्यामुळे खेल म्हटले की डोळ्यांपुढे जादूगाराचा नाही तर डोंबाऱ्याचा खेळ. आम्ही वडिलांना विचारले, महाराज कुठला खेळ खेळायचे? वडील म्हणाले, "गप्प बस, पदवी आहे ती." पदवी म्हणजे काय, ती कोणी दिली, कशाबद्दल दिली, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. आपल्यापैकी बऱ्याच घरांत असे कागद असतील आणि बऱ्याच घरांत उत्तरही हेच मिळाले असेल.

खेल म्हणजे घोडेस्वारांचे पथक. खासखेल म्हणजे राजाचे स्वतःचे पथक. हे कळायला आम्हाला चाळिशी गाठावी लागली. आणि ते कळल्यावर पुढचा प्रश्न आला : सेनाखासखेल हे जर सेनेतले पद, तर त्याच्या वर कोण? त्याच्या वर होता सेनापती. मराठी राज्यातले सर्वांत मोठे लष्करी पद. त्या पदाची कहाणी वडोदऱ्यापासून पंधरा कोसांच्या आत, आपल्या डभोईच्या वाटेवर, एका दिवसात फिरली. आणि ती तशी फिरली म्हणून आज आपण या मांडवात बसलो आहोत.

सुरुवात शिवाजी महाराजांपासून करावी लागते. तेव्हा पदाचे नाव सेनापती नव्हते, सरनौबत होते. फारसी शब्द. घोडदळाचा सरनौबत वेगळा, पायदळाचा वेगळा. पायदळाकडे येसाजी कंक होते हे आपण जाणतो. पण मान आणि भार मोठा तो घोडदळाच्या सरनौबताचा.

त्या घोडदळाची रचना सभासदाच्या बखरीत दिली आहे. ती आम्ही पहिल्यांदा वाचली तेव्हा आमच्या खात्याचाच तक्ता वाचतो आहोत असे वाटले. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी आणि सगळ्यांच्या वर सरनौबत. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी पाण्याला आणि एक नालबंद. वरच्या अंमलदारांबरोबर हिशेबनीस दिलेले. जुमलेदाराला वर्षाला पाचशे होन, हजाऱ्याला हजार, पंचहजाऱ्याला दोन हजार. पावसाळ्यात लष्कर छावणीत यायचे, दसऱ्याला बाहेर पडायचे आणि परत आले की झडती. काय घेऊन गेलात, काय आणलेत, सगळे मांडून दाखवा. जे सरकारचे ते सरकारजमा.

यात एक गोष्ट महत्त्वाची आहे. बारगीर म्हणजे ज्याचा घोडा सरकारचा. घोडा सरकारचा, पगार रोख, मुलूख तोडून दिलेला नाही. अशा लष्करावरचा सरनौबत कितीही मोठा असला तरी पद त्याच्या घरचे होत नाही. ते त्याला दिलेले असते आणि दिलेले काढून घेता येते.

ते काढून घेतलेही आहे. नेताजी पालकर म्हणजे केवढा नावाचा माणूस! लोक त्यांना प्रतिशिवाजी म्हणत. १६६६ च्या जानेवारीत पन्हाळ्याच्या मोहिमेत ते वेळेवर पोहोचले नाहीत आणि महाराजांनी त्यांना पदावरून दूर केले. रागाने ते विजापूरकरांकडे गेले, तिथून मोगलांकडे. आग्र्याहून महाराज निसटल्यावर मोगलांनी त्यांना कैद केले, धर्म बदलायला लावला आणि दूर अफगाणिस्तानच्या मोहिमेवर पाठवले. नऊ-दहा वर्षांनी, १६७६ मध्ये, नेताजी परत आले. महाराजांनी त्यांना शुद्ध करून घेतले. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावीच. पण तिचा दुसरा अर्धा भाग सांगत नाही. महाराजांनी माणूस परत घेतला, पद परत दिले नाही. त्या वेळी सेनापती हंबीरराव मोहिते होते आणि तेच राहिले.

नेताजींनंतर कुडतोजी गुजर आले. महाराजांनी त्यांना प्रतापराव हे नाव दिले. साल्हेरच्या लढाईत त्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवले. पुढे उमराणीला बहलोलखान कोंडीत सापडला असता त्यांनी त्याला दयेने सोडून दिले. खान परत उलटला. महाराजांचा बोल प्रतापरावांच्या जिव्हारी लागला आणि १६७४ च्या फेब्रुवारीत नेसरीच्या खिंडीत ते अवघे सात जण खानाच्या फौजेवर चालून गेले. त्या सात जणांवरची कविता आपल्यातल्या सगळ्यांना पाठ आहे. आम्हाला मात्र आता वय झाल्यावर वाटते की त्या दिवशी एक शूर माणूस गेला आणि त्याच दिवशी एका फौजेचा सरनौबतही गेला. पद अंगावर असताना माणसाला स्वतःच्या मानापमानासाठी मरण्याचा हक्क असतो का, हा प्रश्न आहे. उत्तर आमच्याकडे नाही. नेसरीचे नाव निघाले की अंगावर काटा येतो, तो तर येतोच.

साडेतीन महिन्यांनी राज्याभिषेक झाला. अष्टप्रधान ठरले, फारसी नावे बदलून संस्कृत आली. पेशवा पंतप्रधान झाला, मुजुमदार अमात्य, सुरनीस सचिव, आणि सरनौबत सेनापती. पहिले सेनापती हंबीरराव. महाराज गेल्यावर रायगडावर राजारामांना गादीवर बसवण्याचा बेत झाला. राजाराम म्हणजे हंबीररावांच्या सख्ख्या बहिणीचे, सोयराबाईंचे चिरंजीव. भाचा राजा होणार, मामा सेनापती. आणखी काय पाहिजे? पण हंबीरराव संभाजीराजांच्या बाजूने उभे राहिले आणि बेत करणाऱ्या मंत्र्यांना पकडून त्यांनी राजांच्या स्वाधीन केले. १६८७ मध्ये वाईजवळच्या लढाईत ते पडले. आम्हाला विचाराल तर या पदावर बसलेल्या माणसांत त्यांचे नाव सगळ्यांत वर लिहावे.

इथपर्यंत पद नुसते पद होते. पुढे काय झाले ते पाहू.

संभाजीराजे पकडले गेले तेव्हा संगमेश्वरात सेनापती म्हाळोजी घोरपडे लढता लढता पडले. राजाराम महाराज जिंजीला गेले. राजा दूर तमिळ मुलखात, औरंगजेब महाराष्ट्रात, खजिना रिकामा. रोख पगार द्यायचा कशातून? तेव्हा सनदा निघाल्या : अमुक मुलूख जिंका आणि त्याच्या उत्पन्नावर आपली फौज सांभाळा. त्या वेळी दुसरा उपायही नव्हता, हे कबूल केले पाहिजे. राज्य वाचले ते त्यामुळेच. पण घोडा सरकारचा होता तो सरदाराचा झाला.

याच काळात म्हाळोजींचे चिरंजीव संताजी सेनापती झाले. त्यांचा दरारा मोगलांच्या तवारिखांतही लिहून ठेवलेला आहे. १६९५ मध्ये दोड्डेरीला त्यांनी कासिमखानाला कोंडले, पुढच्याच वर्षी हिंमतखानाला लढाईत मारले. आणि त्याच वर्षी राजाराम महाराजांशी वाकडे येऊन सेनापतिपद गेले, ते धनाजी जाधवांना मिळाले. पण आता पद काढून घेतल्याने काम भागत नव्हते. फौज संताजींची स्वतःची होती. जुना सेनापती आणि नवा सेनापती एकमेकांवर चालून गेले. १६९७ मध्ये संताजी एकटे पडलेले असताना नागोजी माने यांनी त्यांना मारले. नेताजींना पदावरून काढले तेव्हा आपल्याच दोन फौजा लढल्या नव्हत्या. तीस वर्षांत एवढा फरक पडला.

शाहू महाराज सुटून आले तेव्हा ताराबाईंनी धनाजींनाच त्यांच्यावर पाठवले. १७०७ मध्ये खेडजवळ धनाजी शाहूंना मिळाले आणि राज्याचा निकाल तिथेच लागला. एका सेनापतीने बाजू बदलली आणि राजा ठरला. पदाची सावली गादीपेक्षा लांब पडू लागली होती. पुढच्या वर्षी धनाजी वारले आणि सेनापतिपद त्यांचे चिरंजीव चंद्रसेन यांना मिळाले. मुलाने बापाची जागा घ्यावी यात कोणाला काही वावगे वाटले नाही. धनाजींच्या हाताखाली बाळाजी विश्वनाथ नावाचे हुशार कारकून होते, ते शाहूंच्या मर्जीत चढत होते. चंद्रसेनांना ते खपेना. १७११ मध्ये शिकारीतल्या एका हरणावरून भांडण पेटले, बाळाजींना जीव घेऊन पळावे लागले, फौजा निघाल्या. शेवटी चंद्रसेन शाहूंना सोडून आधी कोल्हापूरच्या बाजूला आणि नंतर निजामाकडे गेले. राज्याचा सेनापती एका हरणापायी गेला, असे म्हणायला हरकत नाही.

शाहू महाराज स्वभावाने मऊ. कोणाला दुखवायचे नाही. त्यांच्या दरबारी लष्करी किताबच किताब झाले. सेनापती तर होताच. शिवाय सेनाकर्ते, सरलष्कर, सेनासाहेबसुभा, सेनाखासखेल. नागपूरच्या भोसल्यांकडे सेनासाहेबसुभा, निंबाळकरांकडे सरलष्कर. आमच्या खात्यात एक अनुभव आहे : काम एक आणि त्यावर साहेब चार झाले की रस्ता होत नाही. इथे तेच झाले.

११ जानेवारी १७१७ रोजी सेनापतिपद तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांना मिळाले. सुरत-बऱ्हाणपूरच्या वाटेवर त्यांनी आधीच ठाणी बसवली होती. बागलाण आणि गुजरात हा त्यांचा मुलूख ठरला. त्यांच्या हाताखाली दमाजी गायकवाड होते. १७२० च्या बाळापूरच्या लढाईतल्या पराक्रमाबद्दल शाहूंनी त्यांना 'समशेर बहादूर' किताब दिला. ट्रंकेतल्या कागदावरचे ते दोन शब्द तिथून आले. दमाजींच्या मागे त्यांचे पुतणे पिलाजीराव. सोनगडच्या किल्ल्यावर त्यांनी बस्तान बसवले आणि आपले पूर्वज या मुलखात पाय ठेवू लागले ते याच घोड्यांच्या मागून.

खंडेराव वारल्यावर त्रिंबकराव दाभाडे सेनापती झाले. पुन्हा मुलगाच. तिकडे मोगलांच्या सुभेदाराने गुजरातची चौथाई-सरदेशमुखी पेशव्यांना लिहून दिली. म्हणजे सेनापतीच्या मुलखात पंतप्रधानाची वसुली. त्रिंबकरावांना ते मान्य नव्हते आणि त्यांची तक्रार खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. पण त्यांनी निजामाशी संधान बांधले. बाजीराव फौज घेऊन गुजरातेत आले. १ एप्रिल १७३१ रोजी भिलापूर आणि डभोईच्या मधल्या मैदानात पेशवा आणि सेनापती समोरासमोर उभे राहिले. पिलाजीराव गायकवाड सेनापतींच्या बाजूने. त्रिंबकराव हत्तीवर बसून लढत होते, मागे हटायचे नाही म्हणून हत्तीच्या पायांत साखळदंड घातले होते असे सांगतात. गोळी लागली आणि ते अंबारीतच पडले.

हंबीररावही लढाईतच पडले होते आणि त्रिंबकरावही. हंबीरराव मोगलांशी लढताना पडले. त्रिंबकराव छत्रपतींच्याच पंतप्रधानाशी लढताना.

पुढचे थोडक्यात. शाहू महाराज स्वतः तळेगावला गेले, त्रिंबकरावांच्या मातुःश्री उमाबाईंचे सांत्वन केले, बाजीरावांशी समेट घडवला. धाकटे चिरंजीव यशवंतराव यांना सेनापती केले. कारभार उमाबाई पाहत. त्या स्वतः फौज घेऊन अहमदाबादेवर गेल्या. पद मुलाच्या नावावर, हिंमत आईची. प्रत्यक्ष मुलूख सांभाळत होते मुतालिक गायकवाड. सेनाखासखेल हा किताब त्यांच्या घरात आला. १७३२ मध्ये डाकोरला पिलाजीरावांचा दगा करून खून झाला, तरी १७३४ मध्ये गायकवाडांनी वडोदरा घेतले ते कायमचे. पुढे पिलाजीरावांचे चिरंजीव दमाजीराव आणि पेशवे यांच्यात तह झाला, गुजरातचे दोन वाटे झाले आणि दाभाड्यांच्या खर्चासाठी गायकवाडांनी वर्षाला काही रक्कम द्यावी असे ठरले. सेनापतीला त्याच्याच मुतालिकाकडून नेमणूक! तळेगावात श्रावणात दाभाडे दक्षिणा वाटत, तीही केव्हाच पुण्यास गेली होती. त्यानंतर सेनापती हे नाव राहिले, सेना राहिली नाही. आज कोल्हापूरकडे गेलात तर संताजींच्या वंशजांचे गाव लागते, सेनापती कापशी. राज्याचे सर्वांत मोठे लष्करी पद आता एस.टी.च्या पाटीवर आहे.

आणि सेनाखासखेल? तो मात्र १ मे १९४९ ला बडोदे संस्थान विलीन होईपर्यंत प्रत्येक सरकारी कागदावर होता. आमच्या पणजोबांच्या कागदावरही.

दोन वर्षांपूर्वी कामानिमित्त आम्ही डभोई रस्त्यावर होतो. दुपारी भिलापूरला चहाला थांबलो. सपाट जमीन, कपाशी, ढाढर नदीचा पूल, ट्रकांची रांग. चहावाल्याला विचारले, इथे मोठी लढाई झाली होती, माहीत आहे का? त्याला नव्हती माहीत. आम्ही तिथे उभे राहून मनात हिशेब केला. आमच्या घरी म्हणतात, आपले मूळ पुरुष सेनापतींबरोबर आले. या मांडवात अशीही घरे आहेत जी म्हणतात, आम्ही पेशव्यांबरोबर आलो. म्हणजे त्या दिवशी त्या शेतात तुमचे आणि आमचे मूळ पुरुष एकमेकांच्या अंगावर गेले असतील. आणि आज एकाच आरतीला आपण टाळ्या वाजवतो. ही आनंदाची गोष्ट आहे. पण आपण इथे आलो ते नुसत्या विजयाच्या मागून आलो नाही, घरातल्या भांडणाच्या मागूनही आलो, हे मुलांना सांगताना गाळू नये.

आता एक घरगुती गोष्ट सांगून थांबतो. आम्ही या मंडळाचे अकरा वर्षे खजिनदार आहोत. आमच्या आधी नऊ वर्षे वडील होते. मागच्या वार्षिक सभेत एका तरुण सभासदाने विचारले, पदे त्याच त्याच घरांत का फिरतात? आम्हाला राग आला. दोन रात्री नीट झोप लागली नाही. आम्ही कधी एक पैसा इकडचा तिकडे केला नाही, मग हा प्रश्न का? आता वाटते, प्रश्न आमच्या प्रामाणिकपणाचा नव्हताच. चंद्रसेन भित्रे नव्हते, त्रिंबकराव तर नव्हतेच नव्हते. पण पद आपल्याला मिळालेले आहे हे विसरून ते आपलेच आहे असे वाटू लागले, की हरणावरूनसुद्धा राग येतो.

आमच्या खात्यात बदली झाली की चार्ज द्यावा लागतो. मोजणीची पुस्तके, सामानाची यादी, किल्ल्या, सगळे मोजून द्यायचे आणि कागदावर दोघांनी सही करायची. देणारा आणि घेणारा. वडिलांकडून आम्ही मंडळाच्या कपाटाची किल्ली घेतली तेव्हा असा कागद झाला नव्हता. घरातल्या घरात, देवाजवळच्या खुंटीवरून काढून घेतली होती. विसर्जनानंतरच्या सभेत ती किल्ली आणि अकरा वर्षांच्या वह्या आम्ही सभेपुढे ठेवू. झडती घ्या, मग नेमणूक करा. प्रश्न विचारणाऱ्या त्या तरुणाला घ्यायची असेल तर आमची हरकत नाही. फक्त त्या कागदावर सही दोघांचीही हवी.

 गणपती बाप्पा मोरया!